जपणूक आणि मूर्च्छा

दिवाळीच्या अगोदर घर झाडावयास काढलें, म्हणजे वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गांवीं मध्यम स्थितीच्या बहुतेक घरांत माळ्यावरून एक पेटी खालीं येते. कोठें ती बुटांच्या खोक्याची असते, कोठें मिठाईच्या डब्याची, तर कोठें शिवणयंत्राच्या मोडक्या खणासच पेटीची पदवी मिळालेली असते. तींत वायरी असतात. मोबाइलचे जुने चार्जर, संगणकाच्या पडद्याची पंधरा पिनांची केबल, टेलिव्हिजनची पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या टोकांची तिपेडी वायर, केव्हांच बंद झालेल्या घरगुती टेलिफोनची दोरी, एका कानाचा मुका झालेला इयरफोन. आणि हीं सर्व मंडळी एकमेकांत अशी गुंतलेली कीं एकीस ओढावें तों चार बाहेर याव्या. पेटी उघडतांच घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "टाकून द्या एकदांचें." दुसरा म्हणतो, "असूं द्या, कधीं तरी लागेल." थोडी चकमक होते, चहा होतो, आणि पेटी जशीच्या तशी पुन्हां माळ्यावर जाते. पुढील वर्षीं ती किंचित् अधिक जड झालेली असते, एवढाच काय तो फरक.

विषय क्षुद्र आहे असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या प्रश्नावर घरोघरीं दरवर्षीं वाद होतो आणि जो दरवर्षीं अनिर्णित राहतो, तो क्षुद्र नसावा. तो नीट विचारला जात नसावा, असें आम्हांस वाटतें. वस्तु केव्हां ठेवावी आणि केव्हां सोडावी, हा प्रश्न धर्मग्रंथांनीं हाताळलेला आहे आणि आमच्या आज्यांनींही हाताळलेला आहे. वायरींच्या पेटीनें तो नव्या वेषांत आपल्यापुढें आणून ठेविला आहे, इतकेंच.

ही पेटी भरली कशी, हें आधीं पाहिलें पाहिजे. कारण तिचा सर्व दोष गृहस्थाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. मोबाइल फोन आपल्या घरांत नवे नवे आले, तेव्हां प्रत्येक कंपनीच्या फोनचें तोंड निराळें होतें. कोणाची पिन जाड, कोणाची बारीक, कोणाचें टोक रुंद आणि चपटें. फोन बदलला कीं चार्जर पोरका झाला. यूएसबी नांवाची जोडणी १९९६ सालीं निघाली ती 'सार्वत्रिक' हें विशेषण नांवांत घेऊनच. परंतु तिच्याही पोटीं मिनी, मायक्रो अशीं अपत्यें झालीं आणि त्यांचें एकमेकांशीं जमेना. २०१४ सालीं टाइप-सी हें उलटसुलट कसेंही बसणारें टोक आलें. भारतीय मानक ब्यूरोनें २०२३ च्या आरंभीं त्याचें मानक प्रसिद्ध केलें, आणि युरोपीय संघानें २०२४ च्या डिसेंबरपासून फोन वगैरे लहान उपकरणांस तेंच सक्तीचें केलें. आतां भांडण मिटलें असें म्हणावें, तों ध्यानांत येतें कीं टोकें एक झालीं तरी वायरी एक झालेल्या नाहींत. बाजारांतील कित्येक स्वस्त वायरी नुसती वीज वाहतात, माहिती वाहत नाहींत. कांहीं साठ वॉटपर्यंतच भार घेतात, तर कांहीं दोनशें चाळीस वॉटपर्यंत. दिसावयास मात्र सर्व जुळ्या बहिणी.

"असूं द्या, कधीं तरी लागेल," असें म्हणणारा पक्ष आम्ही सहसा थट्टेवारी नेत नाहीं. त्या वाक्याच्या पाठीशीं मोठी परंपरा उभी आहे. पोत्याची शिवण उसवून निघालेली सुतळी गुंडाळून खुंटीस अडकविणें, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणें, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा धुऊन त्यांत डाळ भरणें, हें सर्व आमच्या वऱ्हाडांतील बायामाणसांनीं पिढ्यान् पिढ्या केलें. त्यांत लोभ नव्हता. पाऊस एखादे वर्षीं येत नाहीं हें ज्यांनीं पाहिलेलें असतें, त्यांचा हात कोणतीही वस्तु उकिरड्यावर टाकतांना आपोआप थांबतो. तो थांबलेला हात म्हणजे एक सद्गुण आहे, आणि तो आपल्याला वारशानें मिळालेला आहे.

परंतु सद्गुण जुना आणि वस्तु नवी असली म्हणजे दोघांत एक फट पडते, ती आपल्या लक्षांत येत नाहीं. सुतळी कोणतेंही पोतें बांधते. पत्र्याच्या डब्याला आंत काय भरावें याविषयीं कांहीं आग्रह नसतो. लुगड्याचा धडपा ठिगळास चालतो, पोतेऱ्यास चालतो, जखमेवर बांधावयासही चालतो. या वस्तु नुसत्या असल्या तरी उपयोगी पडतात. त्यांना नांव लागत नाहीं. वायरीचें तसें नाहीं. ती एकाच तोंडासाठीं केलेली असते. तें तोंड कोणतें हें ठाऊक असेल तर ती किल्ली. ठाऊक नसेल तर तीच वायर म्हणजे हातभर तांबें आणि प्लास्टिक. म्हणजे जी काटकसर पूर्वीं केवळ हातानें साधत असे, तिला आतां स्मरणाची जोड लागते. आपण हाताचें काम चालू ठेविलें आणि स्मरणाचें सोडून दिलें. पेटींतील गुंता तेथून सुरू झाला.

आतां दुसरी बाजू पाहूं. वाशीम जिल्ह्यांत, मालेगांव तालुक्यांतील शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथांचें क्षेत्र आहे. दिगंबर व श्वेतांबर असे दोन्ही संप्रदाय त्यास पूज्य मानतात. अपरिग्रह हें जैनांच्या पांच व्रतांपैकीं एक, हें सर्वांस ठाऊक आहे; आणि संग्रहाचा विषय निघाला कीं टाकाऊ पक्षाचे लोक या व्रताचा दाखला देतात. परंतु तत्त्वार्थसूत्रांत परिग्रहाचें लक्षण सांगतांना उमास्वातींनीं वस्तूंची मोजदाद केलेली नाहीं. मूर्च्छेसच त्यांनीं परिग्रह म्हटलें आहे. टीकाकार या ठिकाणीं मूर्च्छेचा अर्थ आसक्ति, ममत्व असा करितात. मराठी वाचकास मात्र मूर्च्छा म्हणतांच बेशुद्धि आठवते, आणि आम्हांस वाटतें कीं हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नाहींत. आपण ज्या वस्तूला 'माझी' म्हणून कवटाळतों, तिच्याकडे पाहावयाचें आपण पुष्कळदां सोडून दिलेलें असतें. माळ्यावरच्या पेटीवर आपली मालकी आहे. परंतु तींत काय आहे, याची शुद्धि आपणांस नाहीं.

याच परंपरेंतील आणखी एक आचार येथें सांगण्यासारखा आहे. श्वेतांबर साधुसाध्वींजवळ वस्त्रें, पात्रें अशा अगदीं मोजक्या वस्तु असतात. आणि त्यांचें प्रतिलेखन, म्हणजे बारकाईनें निरीक्षण, दिवसांतून दोन वेळां करावें असा नियम आहे. एखादा सूक्ष्म जीव वस्त्रांत अडकून चिरडला जाऊं नये, हा त्याचा हेतु. गृहस्थानें हा नियम जशाचा तसा पाळावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांतून निघणारें माप मोठें मार्मिक आहे: ज्या वस्तु आपल्या डोळ्यांखालून जाऊं शकतात, तितक्याच आपण बाळगाव्या. घराच्या माळ्याची लांबीरुंदी हें संग्रहाचें माप नव्हे. आपलें अवधान हें त्याचें माप होय.

मूर्च्छेची किंमत काय पडते, हें आमच्या परिचयाच्या एका घरीं आम्हीं पाहिलें आहे. त्या घरच्या आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत. एका नातवानें पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं आपल्या फोनवर त्यांचा आवाज धरून ठेविला होता. पुढें फोन जुना झाला, कपाटांत गेला, आजीही गेल्या. वर्षश्राद्धास लेकी-नाती जमणार, तेव्हां त्या ओव्या सर्वांना ऐकवाव्या असें ठरलें, आणि आजींची धाकटी बहीण, वयानें ऐंशीच्या पुढची, तेवढ्यासाठीं रिसोडाहून आली. फोन काढला, तो निर्जीव. त्याला रुंद, चपट्या टोकाचा चार्जर लागे. तो मागल्या दिवाळींत घरच्या मुलानें "हें सारें भंगार" म्हणून टाकून दिलेला. बाजारांत तसा आतां मिळेना. शेजारच्या काकांना आठवलें कीं आपणांकडेही तसाच फोन होता आणि त्याचा चार्जर आपण टाकलेला नाहीं. त्यांनीं पेटी आणिली, अंगणांत पालथी केली, आणि संध्याकाळपर्यंत गुंता सोडवीत बसले. हवा तो चार्जर निघाला नाहीं. पाहुणे आपापल्या गांवीं गेले. तीन आठवड्यांनीं काकांना दुसरेंच कांहीं शोधतांना तो एका औषधाच्या खोक्यांत सांपडला. फोन लागला, ओव्या ऐकूं आल्या. रिसोडास बहिणीला त्या दूरध्वनीवरून ऐकविल्या. परंतु त्या बाईंना दूरध्वनीवरचें नीट ऐकूं येत नाहीं.

या गोष्टींत अपराधी कोण? टाकणाऱ्या मुलानें टाकलें आणि ठेवणाऱ्या काकांनीं ठेविलें. एक उधळा आणि एक काटकसरी. वर्षश्राद्धाच्या दिवशीं मात्र दोघांच्या हातून एकच गोष्ट घडली. मुलाजवळ वस्तु नव्हती. काकांजवळ ती असून नसल्यासारखी होती. ठेवणें आणि टाकणें हीं परस्परविरुद्ध आहेत असें आपण समजतों. पण दोन्ही न पाहतां केलीं, तर तीं सारखींच ठरतात. खरा विरोध आहे तो पाहण्याचा आणि न पाहण्याचा.

यावर कोणी विचारील कीं अर्थ न कळतां जपलेल्या वस्तूंनीं जगावर उपकार केले नाहींत काय? केले आहेत, आणि त्याचें उत्तम उदाहरण याच जिल्ह्यांत आहे. कारंजा येथें सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांचीं तीन दिगंबर मंदिरें असून त्यांतील भांडारांत हस्तलिखित पोथ्यांचा मोठा ठेवा जपला गेला. रायबहादुर हीरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि १९२६ सालीं प्रसिद्ध केली, तींत या पोथ्यांची नोंद झाली, आणि विद्वानांचे डोळे कारंजाकडे वळले. पुष्पदंत कवीनें दहाव्या शतकांत राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानींत रचिलेलें 'जसहरचरिउ' हें अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादिलें, तें १९३१ सालीं कारंजाच्या ग्रंथमालेंत निघालें. त्याच कवीचें 'णायकुमारचरिउ' अमरावतीचे प्राध्यापक हीरालाल जैन यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. अपभ्रंश ही आपल्या मराठीच्या पूर्वपीठिकेंतील भाषा. हें साहित्य आज आपणांपुढें आहे, यास या भांडारांची जपणूक फार मोठें कारण आहे.

या भांडारांच्या सर्व रक्षकांना अपभ्रंश वाचतां येत होती असें समजण्याचें कारण नाहीं. मग त्यांची जपणूक आणि काकांची जपणूक यांत फरक काय? फरक असा कीं पोथी वेष्टनांत बांधलेली असे. तिच्या पानांना क्रम असे. ग्रंथाचें, कर्त्याचें, पुष्कळदां नक्कल करणाऱ्याचेंही नांव शेवटीं लिहिलेलें असे. रक्षकाला अर्थ कळत नसेल, पण ही पोथी कोणती हें विचारणाऱ्यास सांगतां येण्याची सोय त्यांत होती. आणि मुख्य गोष्ट ही कीं ती पोथी त्यानें स्वतःसाठीं ठेविली नव्हती. पुढें कोणी जाणता येईल, त्याच्यासाठीं ठेविली होती. जपणूक म्हणजे न भेटलेल्या माणसाला दिलेलें वचन होय. काकांनीं चार्जर ठेविला होता. वचन कोणालाच दिलें नव्हतें.

आणखी एक दाखला खुद्द वाशीमचा. वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसरा विंध्यशक्ति या वाकाटक राजाचा ताम्रपट वाशीम येथें १९३९ सालीं उजेडांत आला, आणि इतिहास ज्या शाखेस विसरला होता ती पुन्हां उभी राहिली. तांबें म्हणून त्या पत्र्यांची किंमत एखाद्या घागरीएवढीही झाली नसती. वितळवणाऱ्याच्या हातीं ते पडते तर घागरच झाले असते. पाहणारा डोळा भेटला म्हणून एक राजवंश हातीं आला.

तांब्याचा विषय निघाला म्हणून पेटीकडे परत येऊं. कारण तिच्यांतही शेवटीं तांबेंच आहे, आणि टाकणाऱ्या पक्षानें त्याचा विचार करावयास हवा. "टाकून दिलें" असें आपण म्हणतों, तेव्हां वस्तु आपल्या दृष्टीआड होते. जगांतून नाहींशी होत नाहीं. भंगारवाला ती तांब्यासाठीं नेतो. वरचें प्लास्टिकचें कवच एकेक करून सोलण्यापेक्षां ढीग पेटविणें सोपें, म्हणून पुष्कळ ठिकाणीं वायरी उघड्यावर जाळतात. आणि क्लोरीन असलेल्या त्या प्लास्टिकच्या धुरांतून डायॉक्सिनसारखीं विषें बाहेर पडतात. तीं प्रथम जातात जाळणाऱ्याच्या आणि जवळ खेळणाऱ्या पोरांच्या छातींत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षीं जगांत सुमारें ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यांतील २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळाबेरीज व पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. आपल्या देशांत २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले असून त्यांनीं उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. पण नियम कारखानदारास बांधतो. आपल्या उंबऱ्यावरून ती पिशवी कोणाच्या हातीं जाते, हें पाहण्याचें काम आपल्यावांचून दुसरें कोण करणार? नोंदणीकृत संकलनाची चौकशी करून, चार गांवच्या वायरी एकदम देतां येईपर्यंत त्या वेगळ्या बांधून ठेवाव्या लागल्या, तरी तें ठेवणें मूर्च्छेचें नव्हे. कारण त्या कोठें जावयाच्या हें ठरलेलें आहे.

व्यवहारांत हें सर्व कसें उतरवावें? आमच्या मतें एका दुपारचें काम आहे. चादर अंथरून पेटी तीवर पालथी करावी आणि एकेका वायरीस तिचें तोंड शोधून द्यावें. ज्यांचें तोंड घरांत सांपडेल त्या ठेवाव्या. पण सारख्या कामाच्या दोनच, एक चालती आणि एक राखीव. ज्या धड आहेत परंतु आपल्या घरीं निरुपयोगी, त्या शाळेंतील संगणकाच्या खोलींत, दुरुस्तीच्या दुकानांत किंवा शेजारीं विचारून द्याव्या. आपल्या माळ्यावर निजलेली वायर ही दुसऱ्या कोणाची तरी अडलेली गरज असूं शकते. ज्यांचें कवच तडकलें आहे, आंतील तार दिसते, त्यांविषयीं मुळींच दया दाखवूं नये. ती काटकसर घर जाळील. ठेवावयाच्या वायरी हाताच्या पंजाएवढ्या सैल वेढ्यांत गुंडाळाव्या; टोकाजवळची मान मुरगळूं नये, कारण वायर बहुधा तेथेंच तुटते. बांधावयास रबर घेऊं नये. विदर्भाच्या उन्हाळ्यांत तें वितळून चिकटतें. जुन्या सुती कापडाची चिंधी उत्तम. तिला एक चिठ्ठी जोडावी आणि वायर कोणत्या वस्तूची, केव्हांची, एवढें तीवर लिहावें. आणि ज्या जुन्या उपकरणांत कोणाचा आवाज किंवा कोणाचीं छायाचित्रें आहेत, त्याची वायर त्याच्याच पिशवींत, त्याला सोडून कधींच नाहीं. त्यांतील आवाज व चित्रें सवडीनें दुसरीकडे उतरवून घेतलीं तर अधिकच बरें. पुढें दिवाळीस आणि पाडव्यास या पिशव्यांवरून एकदां नजर फिरविली, कीं गृहस्थाचें प्रतिलेखन झालें.

अशी नीट लाविलेली पेटी आटोपशीर दिसते, पण तिचें महत्त्व त्यांत नाहीं. आपल्या पश्चात् ती कोणी तरी उघडणार आहे. त्या दिवशीं घरांत आधींच पुष्कळ गोष्टींचा उलगडा करावयाचा असतो. कागद, किल्ल्या, देणींघेणीं. त्यांत नांवगांव नसलेल्या पन्नास वायरींचा गुंता मागें ठेवून जाणें म्हणजे आपण न घेतलेले निर्णय मुलांच्या माथीं मारणें होय. उलट, पांचच वायरी असतील आणि प्रत्येकीस एक चिठ्ठी असेल, तर उघडणाऱ्यास तेवढ्यांतूनही कळेल कीं येथें कोणी तरी आपली आठवण ठेवून काम करीत होतें.

म्हणून येत्या दिवाळींत पेटी खालीं आली, तर ठेवूं कीं टाकूं हा जुना वाद कोणी उकरूं नये. गुंत्यांतून पहिली वायर सोडवून हातांत घ्यावी आणि घरांतील सर्वांस विचारावें, "ही कोणाची?" उत्तर मिळालें तर तें लिहून ठेवावें. नाहीं मिळालें, तरी निदान विचारल्यावांचून ती पुन्हां माळ्यावर जाऊं देऊं नये.